लाख वाती आणि गजराबाईंचा पाय

मी गजराबाईंच्या घराकडे टक लावून बघत होते, असं आमच्या आळीत अजूनही बोललं जातं. त्यात खरं एवढंच आहे की माझं तोंड त्यांच्या घराकडे होतं. बघत मी नव्हते. मान तिकडे वळून बसली होती, आणि मान जिकडे जाईल तिकडे डोळ्यांना जावंच लागतं. देवानं त्यांची दुसरी काही सोय केलेली नाही.

मान गेली ती वातींमुळे, आणि वाती आल्या त्या अक्राणीमुळे. शहाद्याच्या कचेरीत अक्राणीचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. वर सातपुड्यात तो महाल, म्हणजे लहानसा तालुका, आहे. पाऊस लागला की खाली येण्याची वाट बंद होते, आणि वर गेलेला कारकून दिवाळीला उतरतो तो दाढी घेऊन. तिथली माणसं फार चांगली आहेत असं तिथे कधी न गेलेले सगळे सांगतात. त्या वर्षी जेठात आमच्या घरात हुकूम आला, की ह्यांची बदली अक्राणीला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. कागद टिपकागदात धरून बसून राहिले.

मी देवापुढे जाऊन बसले. माझ्या मनात हजार वाती होत्या. बाईमाणसाच्या हातून होण्यासारखा तेवढाच नवस. पण पाठीमागे सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हजारमां काय व्हस, सूनबाई? हजार वाती तं लोक सर्दी बरी व्हवाले बोलतस." मी घाबरून लाख म्हटलं. तोंडातून एकदा गेलेला आकडा देवापुढून मागे घेता येत नाही.

आणि बदली रद्द झाली. ह्यांच्या जागी दुसऱ्या कारकुनाला वर पाठवलं. त्याच्या घरी फक्त अकरा नारळ बोलले होते, असं मागाहून कळलं.

आता लाख वाती स्वतःच्या हातानं करून त्रिपुरी पौर्णिमेला प्रकाशा या गावी तापीच्या काठी लावायच्या होत्या. नाही लावल्या तर काय होईल, तेही सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. "नेम तुटना तं देव बदली परत करी." दुकानदार खोटं नाणं परत करतो तितक्या सहजपणे त्यांनी हे सांगितलं. तेव्हापासून मला अक्राणीचा डोंगर स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसायला लागला. खरं तर त्या खिडकीतून फक्त आमचा गोठा दिसतो.

नेमाचे नियम सासूबाईंकडे होते. पिनल कोडात कलमं किती आहेत ते ह्यांना ठाऊक. सासूबाईंची त्याहून जास्त असावीत, आणि रोज एखादं नवीन निघे. वाती न्हाऊन सोवळ्यानं करायच्या. तोंड पूर्वेला. एकाच पाटावर. टोपली भरेपर्यंत उठायचं नाही आणि बोलायचं नाही. कापूस डाव्या बाजूला, वात उजव्या हाताची. कुणाची मदत घेतली तर पुण्य मदत करणाराचं. डाव्या हातानं केली तर ती वात देवाच्या हिशेबी धरत नाहीत.

फुलवात कशी करतात हे बायकांना सांगायला नको. पुरुषांसाठी सांगते. डावीकडे वाकून चिमूटभर कापूस घ्यायचा, पसरायचा, मधोमध उचलायचा आणि वरचा शेंडा भस्म लावून अंगठ्यानं पीळ देऊन उभा करायचा. एक करून बघावी, फार गोड दिसते. मग डावीकडे वाकून पुन्हा चिमूटभर कापूस घ्यायचा.

नागपंचमीला अंगठा दुखायला लागला. राखीला मनगट. पोळ्याला कोपर, म्हणजे बैलांना विश्रांती मिळाली त्या दिवशी मला पाट्यावर चटणी वाटता आली नाही. गणपतीत खांदा गेला. आणि पितृपक्षात एका सकाळी कापूस घ्यायला मान डावीकडे वळवली ती परत आलीच नाही. मी हातानं ढकलून पाहिली. हात म्हणाला, माझंच मला झालंय.

आमच्या डावीकडे गजराबाईंचा ओटा. त्यांच्या घरात सकाळी काय शिजतं, कोण येतं, कोण न जेवता जातं, हे सगळं त्या दिवसापासून माझ्यासमोर होऊ लागलं. मी डोळे मिटून घ्यायचे. पण मिटल्या डोळ्यांनी फुलवात होत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गजराबाई पदर खोचून ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. अंगानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या, आणि मन असं की विहिरीवर कुणाची घागर फुटली तर स्वतःची देतील, पण देताना चार शब्द ऐकवतील.

"का वं निर्मलाबाई," त्या म्हणाल्या, "मन्हा घरमां काय देखी ऱ्हायनी तू रोज रोज?"

टोपली अर्धी होती. मौन होतं. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी हसले. तिरक्या मानेनं हसलेलं कसं दिसतं हे मी नंतर आरशात पाहिलं. गजराबाईंचा काही दोष नव्हता.

"हसस?" त्या म्हणाल्या. "काल मन्ही भाकर जळनी, ते देखं तू. तवयपाईन हसी ऱ्हायनी."

त्यांची भाकर जळाली होती हे मला तेव्हाच कळलं. मी नाही म्हणायला मान हलवू गेले. ती हलली नाही. मी हात हलवला. हात त्या दिवसांत सरळ वर जात नसे, जरा वेडावाकडा होऊन जाई. गजराबाईंनी तो हात पाहिला, "बरं, बरं," एवढंच म्हणाल्या, आत गेल्या आणि दुपारी त्यांच्या दाराला गोणपाटाचा पडदा लागला. पडद्याच्या भोकातून त्या आता माझ्याकडे बघत, मी बघते की नाही ते पाहायला. मी बघतच असे.

मानेची बातमी आळीत फिरली, तसे उपाय घरी यायला लागले. आळीची सुईण धनुबाई मागच्या दारानं आल्या, त्यांनी वीट तापवून फडक्यात गुंडाळून मानेवर ठेवली. वीट फार तापली होती. मौनामुळे मला ते सांगता आलं नाही. मानेवर विटेचा चौकोन उठला, मान आहे तिथेच राहिली. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी लाटणं उशाखाली ठेवायला सांगितलं. कापूस पिंजून देणारे निजामचाचा ओट्याखालीच उभे राहून म्हणाले, "भाभी, मन्हा खांदा बी असाच धरी लेस. पिंजण मारी मारी. मी रोज सकायले निंबना फांदीले लटकस." सासूबाईंनी आमच्या अंगणातल्या निंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा निंबाकडे. पण सोवळ्यात लोंबकळता येतं की नाही, यावर त्यांच्याकडे कलम नव्हतं. त्यावर मी वाचले.

हे घरातही कचेरीची मराठी बोलतात. ते म्हणाले, "सदर मान पूर्ववत होईपर्यंत वातींचे काम तहकूब ठेवावे." आणि तेवढं म्हणून आपली बोटं चोळत बसले. कचेरीतल्या कागदांच्या नकला करून करून ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधीर झाली होती आणि टाक ते आता करंगळीजवळ धरत. त्यांच्या अक्षराला त्यामुळे एक प्रकारचा वारा लागल्यासारखा झाला होता. पण ते सरकारी काम. त्याला तहकुबी नाही.

तहकूब म्हणताच सासूबाईंनी फक्त सातपुड्याच्या दिशेला बघितलं. मी पाटावर जाऊन बसले.

मग धनुबाईंना आठवलं. "आवं, पायाळू माणूसना पाय लागाले पाहिजे." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याच्या लाथेनं उसण उतरते, धरलेली पाठ सुटते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. प्रश्न एवढाच होता की पायाळू कोण. लोणखेड्याची एक बाई होती, ती वारली होती. ब्राह्मणपुरीचा एक म्हातारा होता, त्याचाच पाय आता उचलत नव्हता. धनुबाईंनी बोटं दुमडत दुमडत अख्खी आळी जन्माच्या वेळी कशी आली ते सांगितलं. शेवटी एक बोट राहिलं. ते धनुबाईंनी गोणपाटाच्या पडद्याकडे केलं.

गजराबाई पायाळू होत्या.

सासूबाई स्वतः गेल्या. येताना चेहरा गंभीर होता. गजराबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "मारसू. पन घरमां नई मारावं. घरमां मारी तं उद्या लोक म्हणतीन, गजराबाईनी भांडनमां लाथ मारी. ओट्यावर मारसू, चार माणसंना समोर."

म्हणजे मला लाथ साक्षीदारांसमोर खायची होती. कारकुनाची बायको मी. आयुष्यात मी मोठ्यानं कुणाला हाक मारली नाही. मी रात्रभर विचार केला, की अक्राणीला शेजार नसतो. आणि मग विचार केला, की तिथे प्रत्येक पावसाळ्यात ह्यांच्या दाढीकडे बघत बसावं लागेल. सकाळी मी हो म्हटलं.

लाथेचा दिवस घटस्थापनेच्या आधीचा ठरला. आणि नेमके त्याच दिवशी हे कचेरीतून एक माणूस घेऊन आले.

नवलसिंग ब्राह्मणपुरीचे. आफ्रिकेत मोंबाशाकडे रेल्वेत होते. तिथे त्यांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेकडून टपालानं कायरोप्रॅक्टिक नावाची विद्या शिकून घेतली होती, म्हणजे पाठीचे मणके हातानं बसवण्याची. कोट, हॅट, आणि बरोबर एक घडीचं टेबल, ज्याला डोकं ठेवायच्या जागी भोक होतं. सहा महिने ते कचेरीत हेलपाटे घालत होते, घरावर पाटी लावायची परवानगी हवी म्हणून. पाटीला कुणाची हरकत नव्हती. पण नवलसिंग डॉक्टर नव्हते, वैद्य नव्हते, आणि न्हावीही नव्हते. अर्ज डॉक्टरांकडे गेला, तिथून परत आला. मग तो गुरांच्या दवाखान्याकडे गेला आणि तिथे मात्र मंजूर झाला. तेव्हापासून ब्राह्मणपुरीचे लोक त्यांच्याकडे बैल आणत. ह्यांनी त्यांना माझ्या मानेबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

ते आले तेव्हा ओट्यावर आधीच चार माणसं जमली होती. चार म्हणजे आमच्याकडचे चार, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पाटावर, टोपली भरत आलेली, मौन चालू. गजराबाई जोडवी काढून, पाय धुऊन तयार.

"थांबा," नवलसिंग म्हणाले. "अशी लाथ मारसात तं मान कायमनी जाई." त्यांनी पिशवीतून एक माळ काढली. शिंप्याकडची रिकामी लाकडी रिळं दोरीत ओवून त्यांनी पाठीचा कणा केला होता. "हाई देखा. रोग नहीच. मणका शे. ह्या ताई रोज डावीकडेच वाकतस, उजवा हातनाच पीळ देतस. एकच काम, एकच बाजू. बैल जसा घाणाले फिरस तसा. हाई रीळ आठे सरकनं." त्यांनी एक रीळ जरा बाजूला केलं. चार माणसांनी एकदम आपापल्या माना चाचपल्या.

"मंग बसाडी दे ना रीळ," सासूबाई म्हणाल्या.

नवलसिंगांनी हात पुढे केले. सासूबाईंनी ते हात पाहिले. सोवळ्यातली, नेमातली सून, आणि परक्या पुरुषाचा हात. यावर कलमं होती. बरीच होती. नवलसिंगांचे हात हवेत तसेच राहिले. सहा महिन्यांनी मिळालेलं पहिलं माणूस, आणि तेही लावायचं नाही. मला वाईट वाटलं, पण बोलता येत नव्हतं.

गजराबाई म्हणाल्या, "मंग मी कसाले पाय धुयना?"

विद्या नवलसिंगांची आणि पाय गजराबाईंचा, हा तोडगा सासूबाईंनी काढला. "तू सांग, ती मारी." मानेसाठी एकदाच पाटावरून उठता येईल, असं कलमही त्यांनी तिथल्या तिथे काढलं. ओट्याच्या मधोमध माझं जुनं लुगडं बांधून पडदा केला. पडद्याच्या अलीकडे घडीच्या टेबलावर मी पालथी, भोकात तोंड घालायचं होतं पण मान वळेना, म्हणून तोंड गजराबाईंच्या घराकडे. पडद्याच्या पलीकडे बाजेवर हे पालथे, नमुना म्हणून. नवलसिंग ह्यांच्यावर करून दाखवणार, गजराबाई पडद्याच्या फटीतून बघणार आणि माझ्यावर तसंच करणार. हे म्हणाले, "माझी काही तक्रार नसताना..." पण त्यांच्या पाठीवर तोवर गुडघा आला होता.

"लाथ नई," पलीकडून नवलसिंग सांगत होते. "टाच. खांदाना मधे. वजन हळू हळू. जसं कणिक मळतस."

"मले कणिक मळता येस," गजराबाई म्हणाल्या. टाच माझ्या पाठीवर आली. गरम होती. हळूच म्हणाल्या, "भाकरना राग नई शे मन्हा मनमां. सांगी ठेवस."

"आते ताईनी श्वास सोडा. सोडा. आनि दाबा."

मी श्वास सोडला. कट्ट असा आवाज आला. तो निजामचाचांच्या घरापर्यंत ऐकू गेला असं ते सांगतात. त्याच क्षणी पडद्याच्या पलीकडेही एक कट्ट झालं, आणि ह्यांचा बोलण्याचा जो भाग राहिला होता तो तिथेच राहिला.

मी मान वळवली, तोंड भोकात बसलं. समोर गजराबाईंचं घर नव्हतं. समोर जमीन होती, टेबलाच्या भोकातून दिसणारी आमच्या ओट्याची जमीन, शेणानं सारवलेली, मीच सारवलेली, आणि मी ती किती दिवसांनी सरळ बघत होते. मला रडू आलं. गजराबाईंना वाटलं दुखलं. त्यांनी माझ्या पाठीवरून पायच फिरवला, हातासारखा.

नेमका तेव्हा जमादार शब्बीर आत आला.

ते वर्ष वाईट होतं. देशभर मिठाची गडबड होऊन गेली होती, पाचाहून जास्त माणसं दिसली की पोलिसाला जमाव दिसे आणि कापूस दिसला की चळवळ दिसे. शब्बीरला अंगणात जमाव दिसला. ओट्यावर टोपलीभर कापूस दिसला. बाजेवर एक सरकारी कारकून पालथा आणि त्याच्या पाठीवर हॅटवाला. टेबलावर त्याची बायको, तिच्या पाठीवर शेजारणीचा पाय. आणि खुंटीला सुताच्या रिळांची माळ.

"सूत," शब्बीर म्हणाला. त्याचा उजवा हात कपाळाजवळ होता. मला वाटलं सलाम करतोय. हात तिथेच राहिला. "सूत, जमाव, आनि मारपीट. भाऊसाहेब, तुमच्याच घरात?"

हे उठून बसले. पाठ सरळ होती पण रंग गेला होता. "सदर कापूस धार्मिक स्वरूपाचा आहे," हे म्हणाले.

"ते मामलेदारसाहेब ठरवतील. कापूस जप्त होईल."

टोपलीतल्या वाती, फडताळातल्या वाती, कोठीतले वातींचे डबे, सगळं जप्त. त्रिपुरीला तापीच्या काठी मी काय लावणार? आणि कारकुनाच्या घरी सूत सापडलं, एवढं वाक्य कचेरीत गेलं, की पुढची जागा कुठली ते सगळ्या शहाद्याला माहीत होतं. माझ्या नजरेसमोर, आता सरळ झालेल्या नजरेसमोर, डोंगर उभा राहिला. टोपलीत थोडीच जागा उरली होती. मी टेबलावरून उतरले, पाटावर बसले, कापूस घेतला आणि वात केली. दुसरं मला काही सुचलं नाही. लोक म्हणतात ते धैर्य होतं. ती मौन सोडण्याची घाई होती.

टोपली भरली. मी म्हटलं, "जमादारसाहेब, सूत पेटवलं तर जळून जातं. वात पेटवली तर दिवा होतो. लावून बघा."

माझा आवाज हळू आहे. म्हणून सगळे गप्प झाले होते, तो माझा मान नव्हे.

शब्बीरनं विचार केला. तपासणीची ही रीत त्याला आवडली असावी, कारण तिला लिखापढी कमी लागत होती. पण सासूबाई पुढे आल्या. वात पोलिसानं सरकारी कामासाठी लावली तर ती देवाला पोचत नाही, आणि वाया गेली तर लाखात एक कमी. लावायची तर तुळशीपुढे, बूट काढून, आणि लावल्यावर हात जोडून. शब्बीरनं बूट काढले. "आपण दर्ग्यात बी काढतो," तो म्हणाला. तुळशीपुढे बसून त्यानं तुपात भिजवलेली वात डाव्या हातानं लावली. वात शांत पेटली, फूल उभं राहिलं.

"आते हात जोड," सासूबाई म्हणाल्या.

शब्बीर वाकला. डावा हात छातीशी आला. उजवा कपाळाजवळच.

"खाली नाही येत," तो हळूच म्हणाला. "महिना झाला. मोठे साहेब दौऱ्यावर आले होते. सकाळ-संध्याकाळ सलाम, येताना सलाम, जाताना सलाम, त्यांच्या कुत्र्यालाबी सलाम. मग राहूनच गेला. आता रस्त्यानं जातो तर लोक उलट सलाम करतात."

नवलसिंग माळ घेऊन धावत आले. त्यांनी शब्बीरच्या खांद्याला हात लावला आणि डोळे मिटले. शेवटी एक माणूस, आणि त्याला हात लावायला कुणाची हरकत नाही. पण शब्बीर म्हणाला, "तुम्ही नको. तुम्ही बैलांचे. बाईंचा पाय पाहिजे. आत्ता आवाज आला तो मी गल्लीतून ऐकला."

हे कायद्याचे जाणकार. ह्यांनी सांगितलं, की कामावरच्या सरकारी नोकराला पाय लावणं हा गुन्हा आहे, लावणाऱ्याला कैद होऊ शकते. गजराबाई पाय आवरून उभ्या राहिल्या. शब्बीर तुळशीपासून उठला. मग पट्टा काढला, पगडी काढली, दोन्ही सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता मी कामावर नाही." आणि टेबलावर पालथा झाला. सासूबाई सरकारचा पट्टा हातात घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. त्यांच्या आयुष्यातला तो मोठा दिवस.

त्या दिवशी शब्बीरचा हात खाली आला, आणि जप्ती तिथेच संपली. मग जमलेल्या जमावाला आपापलं दुखणं आठवलं. निजामचाचांचा खांदा, शिंप्याचा गुडघा, दळणाऱ्या बायकांची कोपरं. रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली. हे रांगेच्या कडेला उभे राहून, कुणाला न दरडावता, "एकामागून एक यावे, अर्ज तोंडी चालेल," असं म्हणत होते आणि लोक ऐकत होते. बोटं बरी वाटतायत असंही मधेच म्हणाले.

नवलसिंगांनी मला पथ्य सांगितलं. कापूस डावीकडे नको, समोर ठेवायचा. पाटाखाली आणखी एक पाट. आणि थोड्या थोड्या वेळानं उठून चार पावलं चालायचं, हात मोकळे सोडायचे. उठायचं म्हणताच सासूबाईंनी मान हलवली. उठलं की नेम तुटला. मी म्हटलं, "चार पावलं तुळशीभोवती चालले तर?" सासूबाईंनी बराच वेळ विचार केला. प्रदक्षिणेनं नेम तुटतो असं कलम त्यांना सापडेना. तेव्हापासून माझा नेम दुप्पट पुण्याचा झाला आणि मान निम्मी दुखायला लागली. मग तीही दुखेना. इतक्या सोप्या गोष्टीसाठी एवढ्या माणसांनी माझ्या पाठीवर उभं राहायला नको होतं, पण ते आधी सुचत नाही.

गजराबाईंचा गोणपाट निघाला. त्यांच्या ओट्यावर आता नवलसिंगांचं टेबल असे. पाटी लागली. पाटीवर बैलाचं चित्र होतं, परवानगी त्या खात्याची असल्यामुळे. मी पाटावर बसून समोर बघायची. एके दिवशी गजराबाई आल्या आणि म्हणाल्या, "मान सरळ व्हयनी म्हनीसन आते आमनाकडे देखतबी नई का वं तू?" तेव्हापासून मी रोज एकदा मुद्दाम वळून बघते.

त्रिपुरीला आम्ही सगळे गाडीतून प्रकाशाला गेलो. लाख वाती तुपात भिजवून काठावर लावल्या. किती उजेड झाला ते मी लिहीत नाही, नेमातल्या गोष्टी फार बोलू नयेत. नदीत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि गजराबाई रडत होत्या. शब्बीरही आला होता, दोन्ही हात जोडून. सासूबाई म्हणाल्या, "पोचनं." मला इतकं हलकं वाटलं की पाठीवर कुणी कधी पाय ठेवलाच नव्हता असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीचा शिपाई आला. शब्बीरनं लाथेच्या दिवसाची हकीकत मामलेदारसाहेबांना खरी खरी सांगितली होती. एवढा मोठा जमाव एका कारकुनानं काठीशिवाय, शिवीशिवाय, नुसत्या सौम्य बोलण्यानं रांगेत उभा केला. साहेब खूश झाले. अशा माणसाला कारकून ठेवणं बरं नाही असं त्यांनी वर लिहिलं. ह्यांना बढती मिळाली होती. अव्वल कारकून. अक्राणीला.

 मी देवाला दोष दिला नाही. मी मागितलं होतं की बदली रद्द होऊ दे, आणि ती रद्द झाली होती. बढतीबद्दल मी काही बोलले नव्हते. मागताना नीट मागावं, ही चूक माझी.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन पाटांकडे पाहिलं, आणि या वेळी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. तेवढ्यात हे उठले. टोपी काढली, देवापुढे जाऊन बसले आणि डोळे मिटून, मोठ्यानं, आपल्या कचेरीच्या मराठीत म्हणाले, "सदर बढती रद्द झाल्यास दोन लाख फुलवाती अर्पण करण्यात येतील."

कुणाच्या हातच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मान अगदी सहज वळली, पुरी वळली. आवाजसुद्धा झाला नाही.